चौथ्या भागातली दुसरी जागा

कशेळी, भिवंडी
११ जानेवारी २०२६

चि. कुणाल,
अनेक आशीर्वाद.

'टॅन्जंट' हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या मराठी ऑनलाइन ग्रुपवर 'खाडीवाला' या नावाने लिहिणारा माणूस तूच आहेस. नाकारण्यात वेळ घालवू नकोस. "माझ्या आत्याने नियमांची पुस्तिका वाचल्याशिवाय आम्हाला कंट्रोलरला हात लावू दिला नाही," असं तू तिथे लिहिलंस. अशी आत्या एकच आहे.

त्या ग्रुपवर मी वर्षभर आहे. लिहीत नाही, वाचते. दोनेकशे माणसं चौथ्या भागाला शिव्या देतात आणि एकाही शिवीला कारण दिलेलं नसतं. तू कारण देशील असं वाटलं होतं. तूही लिहिलंस, "चौथा भाग म्हणजे मालिकेचा खून." हे कारण नाही, ही आरोळी आहे.

मुद्दा असा. पहिल्या तीन भागांत तेविसाव्या शतकातली बिनचाकी गाडी एकटा माणूस हाकायचा. चौथ्यात एका गाडीत दोन जागा आहेत. एकाकडे सुकाणू, दुसऱ्याकडे वेग आणि ब्रेक. दोन माणसं असल्याशिवाय शर्यत सुरूच होत नाही. लोकांचा राग एवढ्यावरच आहे ना? मग तसं म्हणा. "आम्हाला जोडीदार मिळत नाही" हे म्हणायला लाज वाटते म्हणून खेळ वाईट ठरवायचा, हे मला मान्य नाही. आम्ही दोघी चौथाच खेळतो आणि उत्तम खेळतो.

ग्रुपवर वाद घालता येत नाही. तिथे माणसं अंगठे दाखवतात. म्हणून ई-मेल करते आहे. तूही नीट पत्र लिही, वर तारीख घाल.

तुझी,
विनिता आत्या

———

नागपूर
१८ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार.

तारीख घातली आहे, बघ.

पकडलंस. बुटीबोरीच्या कारखान्यात सगळे मला 'साहेब' म्हणतात, ग्रुपवर मी बिनधास्त असतो, आणि तिथे वर्षभर तू गुपचूप बसलेली! कॉलेजला असताना दर शनिवारी तुझ्याकडे यायचो आणि तू तिसरा भाग लावून द्यायचीस, ते आठवलं. हरलो की म्हणायचीस, "वळणाच्या आधी विचार करायचा असतो, वळणात नाही." परवा मीटिंगमध्ये मी हेच वाक्य माझ्या नावावर खपवलं.

आता कारणं. एक, शर्यतीतली मजा ही की चूक आपली आणि जिंकणंही आपलं. चौथ्यात हरलं की माणूस आधी शेजारच्याकडे बघतो. दोन, ज्यांनी दहा वर्षं एकट्याने सराव केला त्यांचा सराव कंपनीने एका दिवसात कचऱ्यात टाकला. तीन, हा खेळ माणसांना भांडायला लावतो. ही तिन्ही कारणं आहेत, आरोळ्या नाहीत.

आणि "आम्ही दोघी" म्हणजे कोण? तुझी जोडीदार कोण आहे? कशेळीत तुझ्या वयाची दुसरी पायलट असेल तर मला तिचे पाय धरायचे आहेत.

भावना मजेत आहे, नमस्कार सांगते.

तुझा,
कुणाल

———

कशेळी
२५ जानेवारी २०२६

चि. कुणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझी कारणं वाचली. पहिलं बरं आहे, दुसरं रडगाणं आहे, तिसऱ्याकडे नंतर येते.

तू विसरलास की तू कोणाचा मुलगा आहेस. दादाने आयुष्यात एकच बैल पाळला, पाखऱ्या. छकड्याच्या शर्यतीला लागतात दोन. तेव्हा बहुतेकांकडे एकेकच असायचा, कारण शर्यतीच्या बैलाचा खुराक दोन घरांच्या जेवणाइतका. मग जोडी जुळवायला माणसं गावोगाव फिरायची. पाखऱ्या डाव्या अंगाला धावायचा, तेव्हा उजव्या अंगाचा, त्याच्याच उंचीचा आणि त्याच्याच चालीचा बैल हवा. तो सापडला राहनाळच्या काळूरामकडे. भात कापून शेतं रिकामी झाली की काळूराम बैल घेऊन चालत यायचा. दोघांना जुवाखाली घालून फेरे मारायचे. पहिल्या फेऱ्यांना दोघे एकमेकांना ढकलायचे. दादा म्हणायचा, "आजून वलख न्हाय त्यांची. होल." आणि ओळख व्हायची. मग ती जोडी अख्ख्या पट्ट्यात कुणाला ऐकायची नाही.

एका बैलाची शर्यत कधी कुणी लावली आहे का? मग एकट्याने धावण्यालाच तुम्ही मंडळी खरी शर्यत का म्हणता? चौथ्या भागाने नवीन काही केलेलं नाही. परदेशात बसलेल्या कुणालातरी आपल्या शेतातलं शहाणपण उशिरा सुचलं, इतकंच. त्या शेतात आता गोदाम आहे, पण म्हणून शहाणपण खोटं ठरत नाही.

माझी जोडीदार कोण हे महत्त्वाचं नाही. हात स्थिर आहेत आणि बडबड करत नाही, हे महत्त्वाचं. 'काचेची घळ' या सर्किटवर आमची वेळ ग्रुपमधल्या कुणाहीपेक्षा चांगली आहे. मध्यावर सुकाणू आणि वेग यांची अदलाबदल होते तिथे हात उलटे टाकावे लागतात, त्यात थोडा वेळ जातो, एरवी आणखी चांगली झाली असती. आमच्यात आजवर एकदाही मतभेद झालेला नाही. तेव्हा तुझं तिसरं कारणही गेलं.

विनिता आत्या

———

नागपूर
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय आत्या,
सा. न.

उशीर झाला. कामाचा लोड होता.

बैलांचा मुद्दा ग्रुपवर टाकला, तुझं नाव न घेता. तुफान मारामारी झाली. अलिबागचा एकजण म्हणाला, "छकड्यात दोन बैल नि एक धुरकरी. चौथ्या भागात दोन धुरकरी नि बैल एकही न्हाय!" त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. मी तो दिला नाही, पण हसलो. आत्या, बैल वाद घालत नाहीत गं. हाकणारा वर एकच असतो.

बातमी वाचलीस ना? चौथा भाग फारच कमी लोक खेळतात म्हणून कंपनी त्याचं नेटवरचं खेळणं बंद करते आहे. २९ मार्च, रविवार, संध्याकाळी सहा. घरातल्या घरात खेळता येईल, पण शेवटचं सर्किट, 'कोरडा समुद्र', कायमचं बंद. ते दोन वेगवेगळ्या घरांतून जोडी जमवली तरच उघडतं. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकतायत लोक. मला मात्र उगाच वाईट वाटलं. तू आणि तुझ्या जोडीदाराने तो समुद्र पाहिला का? कसा आहे?

एक विचारू? रागावू नकोस. मध्यावर अदलाबदल होते तेव्हा ती पडद्यावर होते. ज्याच्या हातात जो कंट्रोलर आहे तो त्याच्याच हातात राहतो, फक्त सुकाणूवाल्याकडे वेग येतो. दोन माणसं खेळत असतील तर कुणालाच हात उलटे टाकावे लागत नाहीत. हात उलटे कधी टाकावे लागतील? दोन्ही कंट्रोलर एकाच माणसाकडे असतील तर.

आत्या, तू एकटीच खेळतेस का?

कुणाल

———

कशेळी
८ मार्च २०२६

चि. कुणाल,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तब्येत ठीक होती. उत्तर द्यायचं नव्हतं.

हो. एक कंट्रोलर डाव्या मांडीवर, दुसरा उजव्या. डाव्या हाताने सुकाणू, उजव्याने वेग. मध्यावर हात उलटे. पहिल्यांदा जमलं नाही, आता जमतं. दुसऱ्या जागेवर नाव लिहावं लागतं, रिकामं चालत नाही, म्हणून 'व्ही २' असं लिहिलं. तू विचारलंस म्हणून सांगते, 'आम्ही दोघी' लिहिताना मला आपण खोटं लिहितो आहोत असं वाटलं नाही. तुझा प्रश्न वाचल्यावर वाटलं.

कोणाला बोलावणार? ठाण्याच्या ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणी नातवंडांत आहेत. तुझे आई-बाबा दापोड्याच्या नव्या बंगल्यात. दादा आला की जिन्यावरूनच ओरडतो, "विने, साठी उलटली तुजी, न आजून पोरांचे खेल खेलतंस?" चहा घेतो आणि ट्रॅफिक लागेल म्हणून निघतो. घराच्या तिन्ही बाजूंना गोदामं आहेत. संध्याकाळी कंटेनर मागे घेताना पोरं "आने दो, आने दो" ओरडतात, ते मला उद्देशून नसतं.

कोरडा समुद्र पाहिलेला नाही. तो पाहायची इच्छा होती. इतर सगळी सर्किटं झाली आहेत.

आता तुझं. तू पत्रात लिहिलंस, "भावना नमस्कार सांगते." भावनाने आजवर मला कुणाच्या हाती नमस्कार पाठवलेला नाही. ती दर रविवारी स्वतः फोन करायची आणि पाऊण तास बोलायची. दिवाळीपासून एकही फोन नाही. मी तुला विचारलं नाही, कारण विचारण्याआधी माणसाला सांगायची संधी द्यावी. ती मी दिली. तू माझे हात मोजलेस, आता मी तुझे मोजते.

विनिता आत्या

———

नागपूर
१३ मार्च २०२६

प्रिय आत्या,

भावना वर्ध्याला आहे, तिच्या भावाकडे. दिवाळीनंतर गेली. आई-बाबांना "तिथे शाळेत नोकरी लागली" असं सांगितलंय. नोकरी लागली हे खरं आहे, पण ती नंतर लागली.

चौथा भाग मीच आणला होता, लग्नाच्या वाढदिवसाला. तिला गेमची आवड नव्हती. ती सुकाणूवर बसली आणि पहिल्याच आठवड्यात मस्त खेळायला लागली. मला ते बघायला आवडायचं. पण तोंड गप्प राहायचं नाही. "डावीकडे. अगं डावीकडे! आत्ता नाही, आधी!" ती म्हणायची, "मला दिसतंय." मी म्हणायचो, "दिसतंय तर वळत का नाहीस?" एका संध्याकाळी शेवटच्या वळणावर मी तिच्या हातातून कंट्रोलर ओढून घेतला. आम्ही ती शर्यत जिंकलो, आत्या. मी उड्या मारल्या. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुकर लावला. त्यानंतर ती कधी खेळायला बसली नाही. मला वाटलं कंटाळली. मग भाजी, सुट्ट्या, तिच्या बहिणीचं लग्न, सगळ्यात तेच व्हायला लागलं, आणि मला ते तेच आहे हे कळायचंच नाही. जाताना म्हणाली, "तुला जोडीदार नको आहे, तुला आणखी दोन हात हवेत."

म्हणून ग्रुपवर मी खून-बिन लिहिलं. खेळाला शिव्या देणं सोपं होतं.

ते जाऊ दे. मी ठरवलंय. २९ तारखेला दुपारी चार वाजता तू आणि मी. तू कशेळीहून, मी इथून. तू सुकाणू घे, मी वेग. कोरडा समुद्र बघू. मी तोंडातून शब्द काढणार नाही, वाटल्यास पट्टी लावून बसतो.

कुणाल

———

कशेळी
२० मार्च २०२६

चि. कुणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

२९ तारखेला मला जमणार नाही. दापोड्याला दादाकडे सत्यनारायण आहे, दिवसभर तिकडे असेन.

तुझ्यापुढे काम निराळं आहे. भावनाच्या भावाकडे हेच मशीन आहे, तूच पूर्वी म्हणाला होतास. तिला फोन कर. सांग, दुसरी जागा तुझी आहे, सुकाणू तुझं, आणि मी बोलणार नाही. दोन घरांतून खेळायचं म्हणजे तिच्या हातातून ओढून घ्यायची सोयच नाही. याहून चांगली संधी तुला मिळणार नाही. ती आत्यावर वाया घालवू नकोस.

मला समुद्राचं विशेष काही नाही. माणूस किती सर्किटं पाहणार.

पट्टी लावायची गरज नाही. गप्प बसायला पट्टी लागत असेल तर ते गप्प बसणं नव्हे.

विनिता आत्या

———

नागपूर
३० मार्च २०२६

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. बुधवारी भावनाला फोन केला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुणाल, मला गेममध्ये नको बोलवूस. तिथे गप्प बसशील रे, एक दिवस. बोलायचं असेल तर इथे ये, समोर बस आणि बोल." आणि फोन ठेवला. म्हणजे नाहीच. मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

काल दुपारी तरीही मशीन लावलं. दुसरी जागा उघडी ठेवली. म्हटलं, पूजा लवकर आटपली, तुला घरी सोडलं, तर खेळायला आलेल्यांच्या यादीत माझं नाव दिसेल आणि तू येशील. तू आल्यावर काय बोलायचं तेही ठरवलं होतं, म्हणजे काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पडद्यावर 'जोडीदाराची प्रतीक्षा' असं येत राहिलं. पाच वाजता राहवेना म्हणून बाबांना फोन केला. विचारलं, पूजा झाली का, आत्या निघाली का?

बाबा म्हणाले, "पूजा? कंची पूजा? आमच्याकं काय न्हाय आज. तुजी आत्या घराशीच आसंल, ती कवा कुठं जातं?"

लगेच तुला फोन लावला. बंद होता. परत लावला, बंद. सहाला पडदा काळा झाला आणि मग नेहमीचं पान आलं, त्यात 'नेटवर खेळा' ही ओळच नव्हती.

आत्या, तू घरी होतीस. तुला तो समुद्र पाहायचा होता आणि मी इथे बसलो होतो. का केलंस असं?

कुणाल

———

कशेळी
२ एप्रिल २०२६

चि. कुणाल,
अनेक आशीर्वाद.

होते घरीच. मशीनची वायर काढून ठेवली आणि फोन बंद केला. गच्चीवर जाऊन बसले. यादीत माझं नाव दिसलं असतं तर भावनाला वाटलं असतं की म्हातारी पाळत ठेवून आहे. तुम्ही दोघं खेळत असाल असं मी धरून चालले. चार वाजले तेव्हा म्हटलं, सुरू झाली असेल. नंतर म्हटलं, आता मध्यावर आले असतील, आता तिच्याकडे वेग गेला असेल. मला बरं वाटत होतं. खाडीवरच्या पुलावर गाड्या हलत नव्हत्या. मी त्यांच्याकडे पाहत बसले आणि सहा वाजता खाली येऊन भात टाकला.

तू वाट पाहत असशील हे माझ्या मनात आलं नाही. तुझ्या वतीने, भावनाच्या वतीने आणि माझ्या वतीने मी एकटीनेच ठरवून टाकलं, आणि वर पूजाही लावून दिली. तू तिच्या हातातून ओढून घेतलंस, मी न विचारता परत करून टाकलं. दोन्हींत समोरच्याला विचारलेलं नाही. मला वाईट वाटतं आहे. हे एकदाच लिहिते आहे, पुढच्या पत्रात विषय काढू नकोस.

तो समुद्र आता राहिला. कुणीतरी त्याचं चित्रण टाकलं असेल. मी ते बघणार नाही आणि तूही मला पाठवू नकोस.

आता जे महत्त्वाचं आहे ते. तू शिकलेला मुलगा आहेस, तुला साधं बोलणं कळत नाही का? भावना काय म्हणाली ते तूच लिहिलंस. "इथे ये, समोर बस आणि बोल." यात नकार कुठे आहे? नकार फक्त खेळाला आहे. तुला तिने घरी बोलावलं, बसायला सांगितलं, बोलायलाही सांगितलं. आणि हे ऐकून तू दोन दिवस गप्प बसलास, रविवारी पडद्यासमोर जाऊन बसलास, मला पत्र लिहिलंस. बुधवारपासून ती वाट पाहत असेल. कदाचित नसेलही. पण ते तुला नागपुरात बसून कळणार नाही.

वर्धा तासा-दीड तासावर आहे. फोन करून विचार, "येऊ का?" हो म्हणाली तर लगेच नीघ. गेल्यावर आधी तिला बोलू दे. तिचं मध्येच थांबलं तर वाक्य तू पूर्ण करू नकोस. तिला वेळ लागला तर लागू दे. आणि उत्तर 'नाही' असं आलं तर ते 'नाही' घेऊन परत ये, वाद घालू नकोस.

या पत्राला आज उत्तर लिहीत बसू नकोस. उद्याही नको. जाऊन ये, मग सावकाश लिही. मी कुठे जाणार आहे.

विनिता आत्या